झिरो फाट्यापाशी

स्कॅनर लावला की एकच ओळ येते: पी शून्य सातशे.
अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या मेंदूत काहीतरी बिनसलंय,
मला विचारू नका, त्याला विचारा.
तहसीलच्या खिडकीसारखं.
त्याला विचारलं तर तो म्हणतो, सातशे बावीस:
गाडी किती वेगात आहे हे मला कुणी सांगतच नाही.
आणि ज्याला वेग कळत नाही
तो घाबरून तिसरा धरून बसतो.
चढ असो, सपाट असो, तिसरा.

पुष्पाताई गव्हाणे, भूमी अभिलेख, वसमत.
डावा पाय पोलिओत गेला तेव्हा अडीच वर्षांच्या.
क्लचची गाडी त्यांच्यासाठी नव्हतीच कधी.
ही घेतली, तेव्हापासून परभणी-वसमत रोज, स्वतः.
शोरूमवाले म्हणाले, गिअरबॉक्सच बदला, एक लाख ऐंशी.
"सेन्सर दोनदा बदलला. तुम्ही बघा तर उलीसाक."

जिंतूर रोडच्या दुकानात तीन दिवस बघितलं.
तेल लाल, जळका वास नाही.
बॅटरी बारा पूर्णांक सहा. कनेक्टर कोरडा.
आणि गाडी, पाहुण्यांसमोर लेकरू वागतं तशी:
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. शहाणी.
उस्ताद महेबूबमियाँ पेचकसाची मूठ कानाला लावून
बेअरिंगचा आजार सांगायचे.
इथं ऐकू येण्यासारखं काय?
पाच व्होल्ट. मुंगीच्या पावलाएवढे.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला म्हणालो, चला.
त्या स्टिअरिंगवर, माझ्या मांडीवर मीटर,
बॉनेटखालून खिडकीतून आत ओढलेल्या दोन वायरी.
एसी बंद, मुद्दाम. चव्वेचाळीस डिग्री.
राहाटीचा पूल गेला, काही नाही.
झिरो फाट्याच्या अलीकडं हळदीची पोती लादलेला टेम्पो,
ताईंनी पाय दाबला,
इंजिन जागच्या जागी जरासं कलंडलं
आणि आकडा पडला.
शून्य.

"बाजूला घ्या. बंद मात्र करू नका."

बॅटरीच्या ट्रेमागं हात घातला, भाजला.
बोटाबोटानं चाचपत गेलो.
एका जागी वायर मऊ लागली,
वरून धड, आत तांबं तुटलेलं.
हलवली की पाच, सोडली की शून्य.
आणि तिला करकचून आवळलेली काळी पट्टी,
टोक तिरकं कापून लायटरनं दाबलेलं.

परभणीत असं टोक एकच माणूस दाबतो.
दोन वर्षांमागं ह्याच गाडीला हॉर्न बसवला होता.
जागा कमी होती. ओढून बांधली.

ताई छत्री धरून उभ्या, माझ्या हातावर सावली पडावी म्हणून.
म्हणालो, ताई, हे माझंच काम आहे.

त्या जरा वेळ टेम्पो गेला त्या दिशेला बघत राहिल्या.
"आमच्यात हद्द जुळली नाही
तर शेजाऱ्याच्या बांधावर जायच्या आधी
आपलीच साखळी मोजायची असते.
वापरून वापरून एखादी कडी ताणते."
मग म्हणाल्या, "सेन्सरची दोन्ही बिलं मात्र
तुमच्याकडूनच घेणार."

तुटकी जागा कापली, तांबं घासून जोडलं,
स्लीव्ह चढवली, बांधताना बोटभर सैल सोडली.
कोड पुसला.

परतीला कुणी बोललं नाही.
दोघंही मनात मोजत होतो, दुसरा, तिसरा,
राहाटीच्या पुलावर चौथा पडला,
इतका हळू
की मी काटा बघितला.
त्या बघत नव्हत्या.