मण्याएवढी

डॉक्टर गायधनींनी पेनाचं टोक फिल्मवर टेकवलं.
"ही. द्राक्षाच्या मण्याएवढी."
मी विचारलं, थॉमसन की सोनाका?
ते हसले नाहीत. मग हसले.
"लहान थॉमसन. चौदा मिलिमीटर."
किती फुगेल, केव्हा फुगेल,
ते मात्र त्यांनाही सांगता येईना.

कॅन्सर नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.
भास्करने तीनदा मान हलवली
आणि तरी त्याच्या हातातली पिशवी घसरली.

कवटी उघडून काढता येते.
डावा कान जाईल, जवळजवळ नक्की.
चेहऱ्याची नस तिला खेटून आहे,
ती वाचेल, बहुधा.
मुंबईला जाऊन किरणांनी भाजता येते,
वाढ थांबेल, गाठ राहील.
नाहीतर नुसतं बघत बसायचं,
सहा महिन्यांनी पुन्हा त्या खडखडत्या नळीत शिरून.

बत्तीस वर्षं मी प्रेसमध्ये ताव तपासले.
शंभरातला एक कमी असला
तर हातातून सुटताना सरसर वेगळी यायची,
डोळ्यांआधी डाव्या कानाला कळायची.
आता त्याच कानात भोंगा वाजतो,
शिफ्ट भरल्याचा नाही, सुटल्याचाही नाही,
कुठला तरी मधलाच. रात्री तीनला.

कुंदावन्सं म्हणाल्या, काढून टाक, नसती ब्याद.
मुलगा पुण्याहून तक्ते पाठवतो,
टक्केवारी, रंगीत.
भास्कर काहीच म्हणत नाही,
फक्त जिन्यात माझ्यापुढे एक पायरी उतरतो,
मी कलंडले तर त्याच्या अंगावर पडावं म्हणून.

काल बिटकोला रस्ता ओलांडताना
रिक्षा डावीकडून आली, आवाज उजवीकडून.
रिक्षावाला जे बोलला ते निम्मंच पोचलं.
निम्मंही पुरेसं होतं.

घरी येऊन आरशासमोर हसून पाहिलं.
ओठांचे दोन्ही कोपरे अजून एकदम वर जातात.
साठीतल्या बाईला हे हसू अजून किती वर्षं लागणार,
तो रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

मग मी ठरवलं. म्हणजे, सहा महिन्यांपुरतं.
तारीख कॅलेंडरवर लिहिली,
दुधाच्या खाड्यांच्या खाली.
वाढली तर तेव्हा पुन्हा भांडू.

रात्री पलंगावरच्या जागा बदलल्या.
एकतीस वर्षांनी तो माझ्या उजवीकडे आला,
चष्मा ठेवायला हात सवयीने
नसलेल्या फळीकडे गेला.
काहीतरी पुटपुटला.
मी म्हटलं, काय?
"काही नाही," म्हणाला.

तेही ऐकू आलं.