हातचे दोन

कुलरच्या तीन जाळ्या सातशे ऐंशी,
मोटर सहाशे चाळीस,
पाइप पंच्याऐंशी.
झांबरे इलेक्ट्रिकच्या पोरानं पाठकोऱ्या कागदावर
आकडे एकाखाली एक लावले
आणि म्हणाला, तेराशे पाच.
मी पाचशेच्या तीन नोटा दिल्या,
एकशे पंच्याण्णव घेतले, मोजले, निघालो.
बाहेर सायकलची सीट हात लावू देत नव्हती.

रात्री नवी मोटर कुरकुरत पाणी चढवू लागली.
कोकिळा म्हणाली, आली बाई गार हवा,
आणि तिला लगेच झोप लागली.
मला नाही.
एकतीस वर्षं यावल आगारात कंडक्टर होतो,
दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय डोळा लागत नाही,
आता दिवसात काही नसलं तरी.
खिशातला कागद काढला.
शून्य, शून्य, पाच : पाच.
आठ, चार, आठ : वीस. शून्य मांडलेलं.
सात नि सहा तेरा.
आणि हातचे दोन?
हातचे दोन हातातच राहिले होते.
म्हणजे माझ्या.

दोनशे रुपये.
झांबरेची तीन मजली इमारत आहे, मी मनात म्हटलं.
त्यानं दिलेला पंखा दिवाळीपर्यंत टिकला नाही,
तेही म्हटलं.

एकदा धानोऱ्याला, रात्रीच्या गाडीत,
एका बाईला दहाच्या जागी पन्नासची नोट गेली.
तिनं ती पाहिली.
ते मला नंतर दिसलं, आगारात रोख भरताना :
तिची खिडकीकडे वळलेली मान.
चाळीस रुपये खिशातून भरले.
ती बाई मी पुढं कित्येक वर्षं वापरली,
लोक कसे असतात हे सांगायला.

पण हेही आहे
की तिकिटाच्या पाठीवर मी लिहून द्यायचो,
बाकी एक रुपया, बाकी आठ आणे,
आणि साकळीला, किनगावला, अडावदला
पिशव्या, पोरं, कोंबड्या उतरवायच्या घाईत
लोक विसरून जायचे.
मी घंटीची दोरी ओढायचो. दोनदा.
चोपड्याच्या स्टँडवर त्या चिल्लरचा चहा
गोडच लागायचा.
कोकिळेला हे माहीत नाही.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच ओट्यावर जाऊन बसलो.
झांबरे शटर वर करत म्हणाला,
"कायले इतक्या लवकर, उखर्डूभाऊ? मोटर बिघडली का?"
मी कागद दाखवला. त्यानं बेरीज केली, हसला,
दोन्ही नोटा गल्ल्यात टाकल्या.
"काल रातीच सापडलं होतं.
कापले मी रुबाबच्या पगारातून.
बसा, चहा सांगतो."

मी बसलो नाही.
रुबाब तडवी आत झाडत होता, सतरा-अठराचा.
त्यानं वर पाहिलं नाही, पण झाडू थांबला.
मी दारात उभा राहिलो,
गाडी सुटायची वेळ झालेली असते
आणि एखादी म्हातारी लांबून हात करत येते,
ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतो
आणि आपण पायरीवरून खाली उतरून उभे राहतो,
तसा.
चहा आला, निवला. एक गिऱ्हाईक बल्ब घेऊन गेलं.
"अजून काही पाहिजे?"
"नाही."
मग झांबरेनं वही ओढली,
एक ओळ खोडली, पेन जरा जोरात टेकवलं.
मी चष्मा लावला
आणि कुणाची ओळ खोडली ते वाचलं.

रुबाब काही बोलला नाही.
बोलला तेव्हा इतकंच :
"आजोबा, पाय काढा, पाणी मारायचंय."

दोनशे जिथले तिथे गेले.
रात्री कुलरमध्ये बादली ओतताना कोकिळेनं विचारलं,
सकाळी कुठे गेला होता?
सांगितलं. ती म्हणाली, चांगलं केलं.
मी पुढचंही सांगणार होतो,
तोंड उघडलंही,
पण मोटरीचा आवाज फार होता
आणि ती म्हणाली, काय?
म्हटलं, काही नाही,
पाणी बास, का अजून एक बादली?