तिथे थंडी असते का

आई तीन शिलिंग घ्यायची, विधवांकडून अंडी चालायची.
पडदा जुन्या शालीचा, उदी रंगाचा,
त्याच्यामागे स्टुलाशी मी उभी, वय बारा,
अनवाणी,
म्हणजे पाऊल वाजू नये.

आमच्या गावात डोंगर फोडून पाटी काढतात.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडग्यावरचा दगडही पाटीचाच.
पण त्या वर्षी दगड कोरून तयार होते
आणि खाली ठेवायला कुणी नव्हतं.
पोरं फ्रान्सच्या चिखलात राहिली,
घरी आली ती नुसती तार.
ज्याला माती देता आली नाही
त्याला माणूस हाका मारत बसतो.
आई म्हणायची, मी काय करते,
दार जरा किलकिलं करते इतकंच.

रविवारी चॅपलमध्ये इद्रिस पेन्री उभे राहत.
खाणीत सुरुंगाची वात लावणारा माणूस,
डाव्या हाताला बोटं तीन.
त्या तीन बोटांनी पान दाबून धरत
आणि वाचत तेच कलम, मोशेच्या नियमातलं,
मेलेल्यांना विचारायला जाणाऱ्यांबद्दलचं,
आणि विचारून देणाऱ्यांबद्दलचं तर जास्तच मोठ्याने.
सगळ्या हॅट आमच्या बाकाकडे वळत.
आई पुढचं स्तोत्र छाती भरून म्हणे.
आवाज तिचा खरंच चांगला होता.

मग नोव्हेंबरातली एक रात्र.
मागच्या गल्लीने कुणीतरी आलं, ठोठावलं नाही,
दाराला नखांनी खरवडलं, मांजरासारखं.
इद्रिस पेन्री. टोपी हातात.
तीन नाणी त्यांनी टेबलावर एकेक करून टेकवली,
आवाज होऊ न देता.

मला सगळं पाठ होतं.
एम्लिन, वय एकोणीस, शीळ चांगली घालायचा.
म्हणायचं होतं: बाबा, मी बरा आहे. इथे उजेड आहे.
याच दोन वाक्यांवर आमचं घर चालायचं.
मॉर्विथ काकूंचं घड्याळ आमच्या भिंतीवर टिकटिकत होतं,
पैसे संपल्यावर त्यांनी ते आणून दिलं होतं,
आणि तरी त्या दर गुरुवारी येतच होत्या.

पण त्यांनी विचारलं,
"एम्लिन, तिथे थंडी असते का रे?
आईने मोजे विणले होते. पार्सल परत आलं."

हे पाठांतरात नव्हतं.
आईने खाकरून खूण केली. पुन्हा खाकरली.
मी तोंड उघडलं, आणि मला एम्लिन आठवला,
ओढा ओलांडताना मला खांद्यावर घेतलेला,
त्याच्या कॉलरला येणारा पाटीच्या भुकटीचा वास.
त्याचा आवाज काढणं
म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं होतं.
मी गप्प राहिले.
घड्याळ तेवढं बोलत राहिलं.

किती वेळ ते बसले कोण जाणे.
मग म्हणाले, "बरोबर आहे."
कुणाला म्हणाले, कळलं नाही.
पैसे तिथेच राहिले.
आईने मला मारलं, आणि मग दिवा मालवून
अंधारात बराच वेळ भांडी घासत बसली.

रविवारी तेच पान. तीच तीन बोटं.
पूर्वी त्या ओळी दगडासारख्या यायच्या, नेम धरून.
त्या दिवशी त्यांनी त्या अशा वाचल्या
जसं बोगद्यातून नुकतंच बाहेर आलेलं माणूस,
खांद्यावर धूळ तशीच,
आत शिरणाऱ्यांना सांगतं:
पुढे जाऊ नका, छत सैल आहे.
आमच्या बाकाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

सोमवारी मागच्या पायरीवर एक पुडकं होतं,
वर सैन्याच्या टपालाचा शिक्का, खोडलेला पत्ता.
आत करड्या लोकरीचे मोजे.

तेव्हा मी घरात जाऊन पडदा नीट पाहिला.
जमिनीपासून चार बोटं आखूड होता.

मोजे मला फार मोठे होत.
टाचेशी दुमडून तीन हिवाळे वापरले.