मुकं घुंगरू

शनिवारच्या पुरवणीत, पान सहा, खाली डावीकडं
मला दोनशे शब्द मिळतात.
वर राशिभविष्य, शेजारी मंगल कार्यालयाची जाहिरात.

या खेपेला आयर्लंडच्या पोरांवर लिहितेय.
'लेट फेरी' नाव त्यांचं. चौघं.
पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा गावचे,
जिथं शेवटची बोट चुकली की रात्र धक्क्यावर काढावी लागते,
आणि तशाच एका रात्री म्हणे बँड जमला.
ओर्ला गाते. गाते म्हणजे
दार उघडं टाकून घरातल्या कुणाशी तरी भांडते
आणि मध्येच तिच्या लक्षात येतं, घरात कुणी नाही.

हे वाक्य खोडलं. मग परत लिहिलं.

तिकडचे समीक्षक त्यांना 'उद्याचा आवाज' म्हणतात.
गुरवसाहेब म्हणाले, तेच टाका की, कशाला डोकं शिणवताय.
पण उद्याचा आवाज आज कसा काय ऐकू आला,
असं शाहूपुरीतले एखादे रिटायर मास्तर
पोस्टकार्डावर विचारणार, आणि उत्तर मलाच द्यावं लागणार.

विशेषणांचा डबा उघडून पाहिला.
बहारदार होतं, ते गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांनी नेलं.
दमदार पैलवानांच्या नावावर चढलेलं.
तळाशी 'आश्वासक' सापडलं,
नवोदित कवींना वाटून वाटून पार पातळ झालेलं.

रात्री गंगावेशीत थांबले, कानात तेच चालू.
म्हशी ओळीनं उभ्या, गिऱ्हाईक ग्लास धरून.
कासंडीत धार पडत होती आणि कॉर्मकचा ड्रम,
दोन्ही थोडा वेळ एकाच तालात.
मग ड्रम कुठंतरी अडला.
प्रत्येक वेळी तिथंच अडतो. चूक नाही ती,
पण काय आहे त्याला नाव सापडेना.
(दुसरं गाणं मात्र फसलंय. लिहिलं तसं.
गिटार एवढी पसरलीय की शब्द मागं
ओल्या चादरीसारखे लोंबतात.)

रविवारी हुपरीला गेले.
आण्णा पैंजणांना घुंगरं जोडत बसलेले.
प्रत्येक घुंगरू आधी कानाशी हलवायचं,
मुकं निघालं तर वाटीत टाकायचं, वितळायला.
चाळीस वर्षं हेच.
बोटं काळी, कान मात्र चांदीचा.
आमच्या घरात कौतुक म्हणजे 'बरं हाय'.
दहावीला बोर्डात आले तेव्हाही तेवढंच.

एक इअरफोन त्यांच्या कानात घातला.
इंग्रजी कळत नाही त्यांना, आणि ओर्लाचं इंग्रजी
मलाही निम्मंच कळतं.
हातातलं काम थांबलं नाही.
गाणं संपायच्या आत म्हणाले,
"चौथ्या ठोक्याला एक मुकं हाय."
मी म्हटलं, "काढायला सांगू?"
"नगं. काढू नका म्हणावं.
सगळीच बोलायला लागली
तर पाऊल कुणाचं ते कसं कळायचं?"

बस सुटायच्या आत फाट्यावर उभं राहून
दोनशे शब्द पुरे केले. एकही विशेषण न लावता.

शुक्रवारी साखर कारखान्याच्या सभेची नोटीस आली.
माझे एकशे चाळीस शब्द तिच्याखाली गेले.
उरले साठ, त्यात चौथा ठोका नाही, आण्णा नाहीत,
आणि वर गुरवसाहेबांचा मथळा:
'आयरिश पोरांची बहारदार मैफल'.
मैफल! भांडायला उठले होते,
साहेब चहा सांगत होते, बसले परत.

पुढच्या रविवारी आण्णा पार्सल बांधत होते,
बेळगावच्या पेढीचं.
आतून मऊ कागद, वरून वर्तमानपत्र, पान सहा.
त्यांनी वाचलं होतं का कोण जाणे.
घडी घालताना ओर्लाचा फोटो बाहेरच्या बाजूला ठेवला,
त्यावर दोरा आवळला, गाठ मारली, म्हणाले,
"बरं हाय."

आत पैंजणांचा एकच जोड.
सगळी घुंगरं बोलतात का,
ते मी विचारलं नाही.