पंचवीस मिनिटं

पहाटे पाचला भंगाळे मॅडम आम्हाला आत घेतात.
सात चौकोन, सात अर्धवट झोपा.
माइक बंद, कॅमेरा चालू.
आधी ज्यानं त्यानं सांगायचं, आज काय लिहिणार.
मी फैजपूरहून सांगते: प्रकरण दुसरं,
केळीच्या खांबातला धागा किती ताणला की तुटतो,
तेवढा एक परिच्छेद.
जूनपासून हेच सांगतेय.
कुणी हसत नाही.

मग घड्याळ लागतं.
चोपड्याची उज्ज्वला नाकातली चमकी फिरवत राहते,
नंदुरबारचे वळवी सर, पन्नाशीतले विद्यार्थी,
ओठ हलवत संदर्भसूची वाचतात,
कुणाच्या तरी मागे खाटेवर पोर कूस बदलतं.
मी दुधाकडे एक कान ठेवून
‘यावरून असे दिसते की’पाशी थांबलेली.

साक्रीचा गोकुळ अहिरराव आज मध्येच थिजला.
हात हवेत, पेनाचं टोपण दातांत.
मॅडमनी त्याला काढलं नाही.
त्या थिजलेल्या माणसाच्या सोबतीनं
आम्ही लिहीत राहिलो.
मी अकरा ओळी लिहिल्या. चार खोडल्या.

घड्याळ वाजलं तेव्हा तो हलला, म्हणाला,
“लाइट गयी व्हती. वहीवर लिखं, बॅटरीना उजेडमा.”
वही कॅमेऱ्यापुढे धरली.
अक्षर एक लागेना,
नुसतं निळं, पानभर.

पाच मिनिटं सुट्टी.
सासूबाई दारात: “कोनाशी बोलत व्हती गं एवढा वेळ?”
कोणाशीच नाही, म्हटलं,
आणि ओट्यावरचं उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं.