पाण्याचा दिवस

पहाटे सव्वातीनला नळ आला
आणि तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलात,
"नीळ्ळोच्चिनै!"
पाच दिवसांतून एकदा येणारं पाणी
आणि तुमचा तो आवाज.
गिरण्यांचे भोंगे गेले, हा एक राहिला,
असं शेजारचा इरप्पा म्हणायचा.

टाकी भरली, पिंप भरलं, कळशा भरल्या,
माझ्या माहेरचं घंगाळसुद्धा.
मग पाइप हातात धरून
कट्ट्यावर बसलात, जरा टेकतो म्हणून.

आम्हाला कळलं ते पाण्यावरून.
पाणी गटारात जात होतं
आणि तुम्ही कुणाला काही बोलत नव्हतात.

मामय्या,
सिव्हिलच्या कागदावर वेळ लिहिली आहे पाच चाळीस.
ती खरी नाही.
दात घासणाऱ्या नातीचा नळ बंद करायला
जो माणूस भरल्या ताटावरून उठायचा,
तो किती वाजता गेला,
ते पाणी गटाराला लागलं तेव्हाच ठरलं.

मी या घरात आले तेव्हा
तेलुगूचा एक शब्द येत नव्हता.
अत्तम्मा तीन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.
तुम्ही मला गावाचंच नाव दिलंत.
"ए बार्शी, चहा पिणार?"
सुनेला चहा विचारणारा सासरा
अशोक चौकामागच्या आमच्या आळीनं पाहिला नव्हता.
मराठी तुमचं मागावर उभ्या उभ्या शिकलेलं,
सगळ्या जगाला पुल्लिंगी करणारं :
तो भाकरी, तो चटणी.
नात झाली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात
"मुलगी झाला, मुलगी झाला"
करत पेढे वाटलेत तुम्ही,
वॉचमनला दोन.
व्याकरण कुणी दुरुस्त केलं नाही.
बार्शी हे नाव आता कुणाच्या तोंडात नाही.

कुणाच्याही दोरीवर टॉवेल दिसला
की तुम्ही काठ उलटून बघायचात.
पाहुण्यांकडे, लॉजवर, एकदा तर
मयताच्या घरीसुद्धा. अत्तम्मांनी चिमटा काढला होता.
"आपला नाही," म्हणून सोडून द्यायचात.
परवा तुमच्या कारखान्यातला लक्ष्मीपती आला.
सहा नंबरवर तुमचा अर्धा टॉवेल होता म्हणाला,
मालकानं दुसरा माणूस लावून पुरा केला.
"डोळ्याला नाही दिसत, वहिनी.
पण बोट फिरवलं की कळतं
कुठं हात बदलला ते."
चहा तसाच ठेवून गेला.

आणि तुमची ती गाठ.
एका हातानं, न बघता, बोलता बोलता मारलेली.
तुटलेल्या धाग्याची सवय तुम्ही घरभर लावलीत :
दुधाच्या पिशवीला, नातीच्या परकराला,
पंख्याच्या वायरीला.
आदल्या रात्री तांदळाच्या पोत्याचं तोंड बांधलंत.
सुटत नाही ते.
तिघांनी नखं लावून पाहिली.
मी कात्री आणली, तर अत्तम्मांनी मनगट धरलं.
घरात पंचवीस किलो तांदूळ आहे
आणि आम्ही वाण्याकडून किलो किलो आणतोय.

पाचव्या दिवशी
नळानं आधी हवा सोडली, खाकरला,
जसा नेहमी खाकरतो.
घरात सगळे जागे होते, उठलं कुणीच नाही.
आळीतही दिवा नाही. सगळे वाट बघत असावेत,
किंवा विसरले असावेत
की आवाज आता कुणीतरी द्यायला लागेल.

माझ्याच तोंडून आला.
"नीळ्ळोच्चिनै."
बारीक. ळ बार्शीचा.

अंधारात अत्तम्मांच्या बांगड्या वाजल्या.
पदर खोचत त्या दारापर्यंत आल्या,
पाइप माझ्या हातातून घेतला.
"गट्टिगा," म्हणाल्या.
मोठ्यानं.
कोपऱ्यावरच्या म्हातारीला
कमी ऐकू येतं.