सरी आणि वरंबा

सीताबर्डीच्या दुकानात चपलेचं माप घेताना
गुडघ्यावर बसलेला पोरगा म्हणाला,
"मावशी, पायाले डांबर लागून आहे वो."
मे महिना. रस्ते पातळ झालेले.
मलाही तसंच वाटलं.
घरी येऊन रॉकेलचा बोळा घासला,
मग खोबरेल, मग नख.
डांबर निघेना.
डांबर माझंच होतं.

तळव्यावर तीळ म्हणजे पायाला भिंगरी,
आत्या सांगायची.
एकतीस वर्षं अजनी स्टेशनच्या खिडकीमागे बसले.
हावडा, चेन्नई, जम्मू
लोकांच्या हातात देत राहिले.
माझी भिंगरी खुर्चीपुरती:
डावीकडे छापयंत्र, उजवीकडे गल्ला.

गल्लीतले डॉक्टर म्हणाले, कापून टाकू,
दहा मिनिटांचं काम.
शेजारच्या उईकेबाई म्हणाल्या,
तिळाला लोखंड लावू नये, चिडतो.
दोघांनीही नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं.
रात्री कूलरच्या घरघरीत
मी तो शब्द मनात म्हणून पाहिला, मेलानोमा.
एखाद्या लांबच्या स्टेशनासारखा वाटला,
जिथलं तिकीट मी कधी दिलं नव्हतं.

मेडिकलच्या ओपीडीत
"नलिनी बुरडे" असा पुकारा झाला तेव्हा
मी नळावर पाय धूत होते.
परक्या बाईच्या हातात तळवा द्यायचा,
तर निदान धुतलेला असावा.
परतले तोवर नंबर पुढे गेलेला.
डॉक्टर ताकसांडेंनी तरी बोलावलं.
भाचीच्या वयाची पोरगी,
माझा पाय मांडीवर घेऊन बसली.
आई गेल्यापासून कुणी घेतला नव्हता.

जेलचा एक थेंब. गार.
टॉर्चएवढं यंत्र, तोंडाशी काच.
"दुखेल का?"
"गुदगुल्या होतील फार तर."
सुई नाही, चाकू नाही.
नुसता उजेड, तोही असा
की कातडीची वरची चमक मागे टाकून
हळूच खाली उतरणारा.

पडद्याकडे पाहिलं
तर तिथे शेत.

बाबा कृषी महाविद्यालयात मुकादम होते.
महाराजबागेकडच्या प्लॉटवर
दोरी ताणून सरी-वरंबा धरायचे.
मी मागून लोटा घेऊन.
पाणी सरीत, रोप वरंब्यावर.
चुकलं तर ओरडायचे नाहीत,
दोरी परत ताणायचे.

डॉक्टर म्हणाल्या,
"तळव्याच्या रेषा पाहा. ही खोबण, हा उंचवटा.
रंग खोबणीत बसला असेल तर बहुतेक साधा तीळ.
उंचवट्यावर चढला तर मात्र काळजी."
मी ऐकलं ते सरी आणि वरंबा.
म्हणजे रंगानं पाण्यासारखं वागावं,
रोपासारखं नाही.

मग आम्ही दोघी ओळी मोजत गेलो.
पहिली सरी तपकिरी. दुसरी तपकिरी.
वरंबे कोरडे, त्यांवर पांढरे ठिपके,
ओळीनं टोकल्यासारखे.
"ही घामाची छिद्रं," त्या म्हणाल्या.
तिसरी. चौथी.
टाचेकडच्या कोपऱ्यात यंत्र थांबलं.
जरा सरकलं. परत थांबलं.
"इथलं मला नीट वाचता येत नाहीये."

हे त्यांनी न लपवता सांगितलं.
मी तेवढ्यावरच त्यांच्यावर विश्वास ठेवला.

सहा मिलिमीटर.
आज कापायचं नाही.
तीन महिन्यांनी हाच पाय, हाच उजेड,
दुसरा फोटो या फोटोशेजारी ठेवायचा.
कोपरा बदलला असेल तर तुकडा काढून तपासू.
मध्येच वाढला, रक्त आलं, तर लगेच या.
"पण साधाच असेल ना?"
"तेव्हा कळेल, काकू."

एकतीस वर्षं मी काचेच्या आतून
हेच सांगत आले:
वेटिंग आहे, चार्ट लागल्यावर कळेल.
केवढ्या सहज सांगायचे.
एक म्हातारा तर हसून म्हणाला होता,
"बाई, तोवर उभं कुठे राहू?"
मी पुढचा फॉर्म ओढून घेतला होता.

परतताना सीताबर्डीला उतरले.
पोरानं ओळखलं. "डांबर निघालं का वो?"
"नाही. ऑगस्टात पाहू."
त्याला काय कळलं कोण जाणे.
डाव्या पायाचं माप त्यानं परत घेतलं,
पट्टा जरा सैल केला,
आणि म्हणाला, चालून पाहा.